डावा खांदा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांची कंबर आता बरी आहे आणि ते रोज तुझ्या दुकानात येऊन बसतात, हे वाचून बरं वाटलं. मी इथे ठीक आहे. वेळेवर जेवतो. तू दर पत्रात विचारतेस म्हणून पुन्हा लिहितो, वेळेवर जेवतो.

आमच्या कारखान्याचा नवा कॅटलॉग आणि दुकानात लावायचं मोठं पोस्टर पार्सलने पाठवलं आहे. पोस्टर लावायची घाई करू नकोस. गुंडाळी तशीच राहिली तरी चालेल. त्यातल्या निळ्या ड्रेसची मागणीही आधी थोडीच कर. माल येऊ दे, दोन-चार गिऱ्हाइकांच्या अंगावर घालून बघ आणि मग ठरव. हे मी कारखान्याचा नोकर म्हणून लिहीत नाही, तुझा भाचा म्हणून लिहितो आहे. मालकांना कळता कामा नये.

कामाचं विचारलंस. अजून इस्त्रीवरच आहे. हंगाम संपला की मला कटिंग टेबलावर मास्तरांच्या हाताखाली घेईन, असं मालकांनी कबूल केलं होतं. हंगाम संपला. मग म्हणाले, कॅटलॉग निघू दे. कॅटलॉगही निघाला. आता ते माझ्याशी बोलताना फोन कानाला लावतात. मी शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस की हातात एकदा कात्री आली की कुणी शिक्षण विचारत नाही. मी त्या कात्रीचीच वाट पाहतो आहे, आत्या. दुसरं काही मागत नाही. दुसऱ्यांनी कापलेले कपडे सरळ करून करून माझाच पाठीचा कणा वाकायला आला आहे.

आमची नेहमीची मॉडेल मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली. तिच्या जागी कारखान्यातलंच एक माणूस उभं केलं आहे. म्हणून यंदाचे फोटो हनुवटीपाशी कापलेत. चेहरा नसला की बाई ड्रेसकडे नीट बघते, असं मालकांचं म्हणणं. याबद्दल जास्त भेटीत सांगेन.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टर गुंडाळून ठेव म्हणे! अरे, बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे माझं, पोस्टर काय माळ्यावर टाकायला मागवते? आल्या दिवशीच काचेत लावलं. येणारा-जाणारा थांबून बघतो. काय मुलगी आहे रे! अंगावर ड्रेसला एक सुरकुती नाही. खांद्यावरून कसा पाण्यासारखा खाली उतरलाय. गळ्यातला तो स्कार्फ तर सगळ्या विचारतात. कॅटलॉगात कुठेच नाही तो. विकत नसाल तर गळ्यात बांधला कशाला? बायकांना नुसतं झुरवायला?

आता खरं सांग, ही कोण? तिचे कपडे तूच इस्त्री करून देत असणार. म्हणजे रोज गाठ पडते. नाव काय, घरी कोण कोण असतं, लग्न ठरलंय का, यातलं एक तरी विचारलंस का? तुझा स्वभाव मला माहीत आहे. इस्त्री गरम झाली का हेसुद्धा तू तिलाच हळू आवाजात विचारशील.

दादा सकाळपासून पोस्टरसमोरच्या स्टुलावर बसलेला असतो. ही मुलगी आपण कुठेतरी पाहिली आहे, असं मला दिवसातून अनेकदा सांगतो. मी म्हटलं, दादा, या वयात सगळेच पाहिल्यासारखे वाटतात. तर म्हणाला, सगळे नाही, हीच.

एक मात्र खुपतं. माझ्या गिऱ्हाइकांत अशा अंगाची एकसुद्धा बाई नाही. बेकरीवाली पोस्टरसमोर उभी राहून म्हणाली, हा ड्रेस जेवणाऱ्या बायकांसाठी आहे की फक्त उभ्या राहणाऱ्यांसाठी? मी हसण्यावारी नेलं. पण मोठा माल मागवलाय, सगळ्या मापांत, हे तुला सांगून ठेवते. तुझ्यासारखं घाबरत बसले असते तर दुकान कधीच बंद झालं असतं.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळ्या मापांत का मागवलंस? मी एवढं स्पष्ट लिहिलं होतं. मागणी कारखान्यात नोंदवून झाली, आता मागे घेता येत नाही. मी चौकशी केली.

त्या मॉडेलबद्दल कृपा करून विचारू नकोस. लग्नाचं तर मुळीच नको. स्कार्फ विकायचा नाही, तो गळा झाकायला बांधला आहे. आणि पोस्टरवर ऊन येत असेल तर काढून ठेव, रंग उडतो. ऊन येत नसेल तरी काढ. निदान बाबांचं स्टूल तरी दुसरीकडे ठेव. दारापाशी वारा चांगला येतो.

मालक दुसरा कॅटलॉग काढायचं म्हणताहेत. तो झाला की नक्की टेबलावर घेतो, असं या वेळी त्यांनी मास्तरांसमोर सांगितलं. मास्तर कात्रीला तेल लावत राहिले.

मी कुणाला काही बोलू शकत नाही, त्यामुळे सगळं आतल्या आत उकळत राहतं. राग येऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


१८ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद. आज एकच देते, बाकीचे शिल्लक ठेवते.

माल आला. मी आयुष्यात एवढी तोंडघशी पडले नव्हते. एकाही बाईला ड्रेस बसत नाही. लहान माप नाही, मोठं नाही, मधलं नाही. खांदे हे एवढे रुंद, मुंढा ओघळून दंडावर येतो. छातीला टक्सच नाहीत, सगळं सपाट. कंबर आहे तिथून खाली सरकलेली. आणि एवढं सगळं ढगळ म्हणावं तर खाली ड्रेस हिपवर अडकून बसतो, पुढे सरकायचं नाव नाही. बेकरीवालीला घालायला दोघी लागल्या आणि काढायला तिघी. बाहेर येऊन तिने पोस्टरकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की ही बाई नक्की कुठल्या मातीची केलीय?  नर्सबाईंनी तर मला सुनावलं की इतकी वर्षं तुमच्या शब्दावर कपडे घेतले, आता फोटो दाखवून फसवायला लागलात. फसवायला लागलात! मला म्हणाल्या, मला!

त्या गेल्या आणि मी सगळे ड्रेस दांडीवर एका ओळीत लावले. काय बिघडलंय ते तरी कळू दे म्हटलं. तर प्रत्येकाचा घेर डाव्या बाजूला वर उचललेला. नीट पाहिलं. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता कापलाय. एका ड्रेसचा नाही, सगळ्यांचा.

बारक्या, तुझे शाळेचे शर्ट मीच शिवायचे. डाव्या खांद्याला आतून पट्टी घालायचे ना, कारण तुझा तो खांदा जन्मापासून उतरता आहे. एखादं गिऱ्हाईक कपडे बदलून येईल एवढा वेळ मी नुसती त्या पोस्टरकडे बघत बसले. खांदा बघितला. हाताची नखं बघितली, कडेने कुरतडलेली. मग आत जाऊन पाणी प्यायले.

तो तू आहेस.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो तिथेच बसलाय आणि आज सकाळी म्हणाला की आठवेल, आठवेल, थांब जरा.

मला सगळं लिही. काही वगळू नकोस.

आत्या


२३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलाखाली बसून वाचलं. आता सगळं लिहितो.

मॉडेल सोडून गेली तेव्हा फोटोग्राफर येऊन बसला होता. मी निळा ड्रेस स्वतःला लावून घेर सरळ आहे का ते बघत होतो. मालक म्हणाले, तसाच उभा राहा. मग म्हणाले, घाल. मला वाटलं, उजेड बघण्यापुरतं असेल. हाडकुळ्या अंगावर कपडा हँगरवर लटकावा तसा दिसतो, बाई शोधायची कटकट वाचली, असं ते फोटोग्राफरला माझ्यासमोरच म्हणाले. मी नाही म्हणालो असतो, पण त्याच वाक्यात ते टेबलाचं बोलले.

फोटोच्या वेळी मॉडेलच्या पाठीमागे ड्रेसला चिमटे लावतात. समोरून बेताचा दिसतो. फोटो झाला की चिमटे काढतात आणि सॅम्पल परत मास्तरांच्या खुंटीवर जातं. त्यावरून पुढचा सगळा माल कापतात. माझ्या अंगावर चिमट्यांनी भागेना. खांद्यात ताण यायचा, छातीपाशी रिकाम्या पिशवीसारखी सुरकुती पडायची. फोटोग्राफर सारखा चिडायचा. मला ते चिमटे लावलेलं काम बघवतच नव्हतं. म्हणून मी ड्रेस उसवला आणि माझ्या मापाने नीट शिवला. खांदे वाढवले, डावा उतरवला, टक्स काढले, कंबर खाली घेतली, हिपला दाबला. इतकं स्वच्छ शिवलं की आधी काही वेगळं होतं असं सांगूनही पटलं नसतं.

फक्त फोटोसाठी, असं चिठ्ठीवर लिहून मी ती ड्रेसच्या हाताला बांधली होती. चिठ्ठी फोटोत येत होती म्हणून फोटोग्राफरने ती तोडून खिशात घातली. ड्रेस खुंटीवर गेला. मास्तरांनी त्यावरून सगळी मापं लहान-मोठी करून माल कापला. मी कॅटलॉगच्या बाकीच्या फोटोंसाठी उभा असल्यामुळे तो माल बाहेर इस्त्रीला गेला, नाहीतर माझ्या हाताला लगेच कळलं असतं.

म्हणजे आत्या, मला कात्री धरू देत नाहीत, आणि यंदाचा सगळा निळा माल मात्र माझ्या अंगावरून कापला गेला. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळत नाही.

माल सगळीकडून परत येतो आहे. मी आजच मालकांना सांगितलं. त्यांनी मास्तरांना झापलं, मास्तरांनी मला झापलं, आणि दुसऱ्या कॅटलॉगसाठी सोमवारी कोण उभं राहणार तर मीच. मी विचारलं, अजूनही? तर म्हणाले, फोटोत काय खोट आहे? फोटो तर उत्तम आलेत.

बाबांना तू सांग. मला जमणार नाही.

तुझा,
बारक्या


६ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. मागचे शिल्लक ठेवलेलेही यातच धर.

रागावले होते, अजून आहे, पण तुझ्यावरचा कमी झालाय. आता ऐक.

आपल्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानातली उंच बाई तुला आठवते का? तुझ्या लहानपणी ती मुलगा म्हणून वावरायची. घरच्यांनी तसंच वाढवलं होतं. मोठी झाल्यावर तिने स्पष्ट सांगितलं की मी बाई आहे, आणि तेव्हापासून बाई म्हणूनच राहते. कागदपत्रंही तशी करून घेतली. सगळं गाव डोळे तिच्याकडेच तपासतं, तरी पाठीमागे बोलायचं ते बोलतंच. ती माझ्याकडे नेहमी भर दुपारी येते, दुकान रिकामं असताना. मोठ्यातलं मोठं माप नेते, मग मी ते इथे आवळ, तिथे सोड करत बसते. तरी काखेत टोचतंच. कधी तक्रार करत नाही. मला मात्र दर वेळी हात बांधल्यासारखं वाटतं.

परवा आली. दांडीवर तो निळा ढीग बघून तिने एक उचलला. मी म्हटलं, नको बाई, तो माल वाया गेलाय, कुणालाच होत नाही. ती म्हणाली, मला सवय आहे. आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, अडकली. पडद्याआडून विचारलं, मदत हवी का? तर म्हणाली, नको, जरा थांबा.

बाहेर आली तेव्हा मी टेप हातात घेऊन नुसती उभी राहिले. बसला होता, बारक्या. खांद्यात, काखेत, कंबरेत. फक्त डावा खांदा ओढत होता, तो मी तिथल्या तिथे उसवून सोडला. तिने हात वर केले, खाली केले, वाकून चपलेचा पट्टा लावला. म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा दुकानातला ड्रेस घालून श्वास घेतेय. आणि मग ती भर गर्दीच्या वेळी, तो घालूनच चौकातून परत गेली.

नंतर तिच्या दोन मैत्रिणी शेजारच्या गावाहून आल्या. त्यांनाही झाला. त्या आणखी कुणाला सांगणार आहेत.

ज्या कपड्यावर मी कपाळ बडवत होते त्याला खरं गिऱ्हाईक आहे, आणि इतकी वर्षं ते माझ्या दुकानात येऊन निमूटपणे आखूड बाह्यांचं काहीतरी घेऊन जात होतं. आता मला स्वतःचाच राग येतोय. तुझ्या मालकाला हे सांग. पण बेकरीवालीला बसेल असाही एक कापा म्हणावं. तिने अजून मला माफ केलेलं नाही.

आत्या


१४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी हसलो. पण ते हसू इथे टिकलं नाही.

मालकांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. परत आलेला सगळा माल अशा गिऱ्हाइकांना खपवता येईल, म्हणाले. मी म्हटलं, खपवायचा कशाला, त्यांच्यासाठी म्हणूनच नीट कापू, डावा खांदा सरळ करून. मी पॅटर्न काढतो. तर म्हणाले, एवढं कशाला, गुपचूप पाठवू. वेगळं नाव नको, वेगळं पान नको, नाहीतर बाकीच्या बायका बिचकतील.

परत येणाऱ्या मालामुळे दुसऱ्या कॅटलॉगचे फोटो पुढे ढकललेत, म्हणून मग मी धीर करून म्हटलं की आता फोटोला मी नको. ज्यांना तो ड्रेस बसतो त्या बाईंनाच विचारा. हे मात्र त्यांना पटलं. मला आनंद झाला. पण पुढे म्हणाले, हनुवटीच्या खालीच घेऊ, नेहमीसारखं. स्कार्फ आपल्याकडे आहेच. त्यांनी तसं पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंय. मला ते थांबवता आलं नाही.

मला काय खटकतं ते त्यांना नीट सांगता येत नाही. इस्त्री करताना मनात सगळी वाक्यं तयार असतात, त्यांच्या टेबलासमोर गेलं की एकही सापडत नाही.

टेबलाचं विचारलं. म्हणाले, हा घोळ कुणामुळे झाला? आता दोन हंगाम तरी नाव काढू नकोस.

त्या बाईंना राग आला तर माझ्या वतीने माफी माग.

बारक्या


२२ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

माफी वगैरे तूच माग. तिने तुलाच पत्र लिहिलंय, सोबत जोडते. माझ्या दुकानात बसून, माझ्याच पेनने लिहिलं. वाचू दिलं नाही.

दादाला सांगितलं. तो उठला, पोस्टरच्या अगदी जवळ गेला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी छातीवर हात धरून उभी. तर वळून म्हणाला, याला तिकडे खायला देतात की नाही? बास, तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर पोस्टरसमोरची काच पुसत होता.

आता माझं ऐक. चष्मेवालीचा फोटो मी आपल्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत काढून घेतेय. निळ्या ड्रेसमध्ये, चेहऱ्यासकट, हसरा. काचेत तोच लावणार. नर्सबाई म्हणाल्या की असलं काही लावलं तर मी पायरी चढणार नाही. मी म्हटलं, तुमच्या नाकावरचा चष्मा कुणी बसवून दिला? तावातावाने गेल्या. येतील किंवा नाही येतील. बेकरीवालीचाही फोटो लावणार आहे, तिला बसेल असं काही शिवून झालं की.

पण शिवायचं कुणी? मला आता इतकं कापायला डोळे साथ देत नाहीत. मागच्या खोलीत टेबल आहे. एक पाय डुगडुगतो, खाली कागदाची घडी घातली की राहतो. कात्रीला धार लावून आणलीय. यापेक्षा जास्त मी काही लिहिणार नाही. तुला आग्रह केला की तू आणखी घाबरतोस.

आत्या


(सोबतचं पत्र)

२१ एप्रिल

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. म्हणजे तुमचे हात आणि खांदे मी रोज येता-जाता बघते.

आधी आभार. तो ड्रेस मी आठवड्यात तीनदा घालते. आत्या म्हणतात, धुवायला तरी सवड दे.

तो तुमच्या अंगावर बेतलाय हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं का बोलू? वाटलं, शेवटी बसला तोही पुरुषाच्या मापाचाच. लोक हेच म्हणणार. दोन दिवस कपाटात ठेवला. मग वाटलं, हे खांदे माझे आहेत आणि मी बाई आहे, म्हणजे हे बाईचेच खांदे झाले. कापडाला बाकीचं काय कळतंय? पुन्हा काढून घातला.

तुमच्या मालकांचं पत्र आलं. हनुवटीच्या खालून फोटो हवाय. बदल्यात कपडे देतो म्हणतात. मी नाही म्हणून कळवलंय. आजवर जाहिरातींत मला माझ्यासारखी एक बाई दिसली नाही. शेवटी एक दिसली, तर ती बाईच नव्हती. तुम्ही बाई नाही म्हणून तुमचं तोंड कापलं. मी बाई आहे हे त्यांना पटत नाही म्हणून माझं कापायचं. दोन्ही वेळा कात्री मानेवरच. मला ते मान्य नाही.

आता तुमचं. आत्या तुमची पत्रं मला वाचून दाखवतात, त्याचा राग मानू नका. त्यांत तुम्हाला सारखी लाज वाटते आहे. कसली? ड्रेस घातल्याची असेल तर मी पुढे काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या. बायकांना फसवल्याची असेल तर ती मला सांगून काय उपयोग? ज्याने फसवायला लावलं त्याला सांगा. नुसतं चिठ्ठी बांधून भागत नाही.

माझी मापं आत्यांकडे आहेत. दोन्ही खांदे सारखे आहेत, हे आवर्जून कळवते.

ओळख झाली आहे, ती वाढावी.

चष्म्याच्या दुकानातली


३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

त्यांचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ड्रेस घातल्याची लाज होती का? सुरुवातीला होती, हे त्यांना सांग. आता ती नाही. दुसरी होती, ती मात्र त्यांनी लिहिल्यावर वाढली.

सोमवारी मालकांसमोर उभा राहिलो. या वेळी वाक्यं आधी मनात न जुळवता गेलो, कारण जुळवली की मी चुकाच शोधत बसतो. म्हटलं, मी उभा राहीन, पण चेहऱ्यासकट. स्कार्फ नको. खाली छापा की हा पुरुष आहे आणि ड्रेस त्याच्या मापाने शिवलाय. ज्यांना घ्यायचा त्या घेतील. मालक आधी हसले. मग फोटोग्राफर हसला. मग मी हसत नाही हे पाहून मालकांनी विचारलं, दाढीवाल्या तोंडाकडे बघून कुठली बाई ड्रेस घेईल? मी म्हटलं, हेच तर तिला कळायला हवं. माझा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला. मास्तरांनी कात्री थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कापायला लागले. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं. अजूनही वाटतं.

दुपारपर्यंत मास्तरांचा जावई उभा केला. तोही हाडकुळा आहे. मला सांगितलं, इस्त्रीवर जा. पहिलाच कपडा हातात दिला तो स्कार्फ.

मी तो नीट इस्त्री केला, कडा जुळवून घडी घातली, मालकांच्या टेबलावर ठेवला आणि मी जातो म्हणून सांगितलं. त्यांनी फोन कानाला लावला होता. ऐकलं की नाही, माहीत नाही. कारखान्यात काही बदललेलं नाही, आत्या. नवा कॅटलॉग निघेल, हनुवटीपाशी कापलेला, आणि कुठल्या तरी गावात कुणीतरी बाई आरशासमोर उभी राहून स्वतःलाच दोष देईल. त्याचा राग घेऊनच मी निघतो आहे. तो गाडीत कमी होईल असं वाटत नाही.

रविवारी दुपारपर्यंत पोचेन. टेबलाच्या पायाखालची घडी काढून ठेव, मी लाकडाचा तुकडा ठोकून देतो. बेकरीवालीला निरोप दे की माप घ्यायला येऊन जा, आणि यायच्या आधी पोटभर जेवून ये. बाबांना सांग, मला खायला देत होते, अंगाला लागत नव्हतं एवढंच.

मी यायच्या आत ते पोस्टर काचेतून उतरव. माझ्याच समोरून दुकानात शिरायला मला जमणार नाही. पण फाडू नकोस, चुरगळू नकोस. कागद जाड आहे आणि मागून कोरा आहे. चष्मेवाल्या ताईंचा पॅटर्न मी त्याच्यावरच काढणार आहे. माझी बाजू टेबलाला लागेल, त्यांची वर येईल.

डाव्या-उजव्या खांद्याची रेघ तू बघून दे, मग मी कापेन.

येतोच आहे, तेव्हा माया समोरासमोर घेईन.

तुझा,
बारक्या